मदत हवी आहे: सायकलवरून पडून सोलवटलंय, जखमेला कापूस चिकटलाय

मुलगा १५ वर्षांचा. काल संध्याकाळी वळणावर बारीक खडीवरून सायकलचं मागचं चाक घसरलं आणि तो डाव्या कुशीवर पडून फरफटत गेला. हेल्मेट होतं, डोक्याला लागलं नाही, हातपाय नीट हलताहेत. पण कोपरापासून मनगटापर्यंत चांगलंच सोलवटलंय. नळाखाली धुतलं, पण तो हात लावू देईना, त्यामुळे तिळाएवढे काळे कण आतच राहिलेत. घाईत मी कापूस ठेवून पट्टी बांधली. आज बघते तर कापूस घट्ट चिकटलाय. जरा ओढला तर तो कळवळला, मग सोडून दिलं.

कापूस कसा सोडवू? कण खपलीबरोबर आपोआप निघतील का? धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन दहाव्या वर्षी झालंय, परत लागेल का? पिवळसर पाणीही येतंय, त्याची फार भीती वाटतेय.

प्रतिसाद:
ताई, कापूस ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं १०-१५ मिनिटं वर ठेवा, अलगद सुटेल.

कणांचं मात्र आजच बघा. वर कातडी धरली की आत निळसर-काळा डाग कायमचा राहतो, गोंदल्यासारखा. माझ्या ढोपरावर आहे तसा. आधी हात साबणाने धुवा. मग वाहत्या पाण्याखाली ओल्या गॉजने हलक्या हाताने पुसत कण सोडवा. वरवरचे असतील ते स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने निघतात. रुतलेले उकरू नका, डॉक्टर जागा बधिर करून काढतात. इंजेक्शनचंही त्यांनाच विचारा. जखमेत माती गेली असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं होऊन गेली असतील, तर तो परत देतात.

पातळ पिवळसर पाणी म्हणजे जखमेतून पाझरणारा द्रव, तो येतोच. दाट पू, घाण वास, पसरत जाणारी लाली, वाढता ठणका किंवा ताप दिसला तर मात्र लगेच दाखवा.

स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेवर ओतू नका, त्याने चांगल्या पेशीही मरतात. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, वर न चिकटणारं ड्रेसिंग, आणि ते रोज बदलायचं. जखम उघडी ठेवून सुकवा असं कुणी म्हणेल, पण ओलसर राहिलेली जखम लवकर भरते.

ताईंचा प्रतिसाद:
कापूस सुटला! तीन कण निघाले, दोन खोल आहेत. ते तसेच ठेवलेत, संध्याकाळी डॉक्टरांकडे नेतेय.