मिलान-कोर्तिनाला निघालेल्या बडोदेकरांचे अनुभव

येत्या ६ ते २२ फेब्रुवारी २०२६ या काळात इटलीत हिवाळी ऑलिंपिक आहे. बडोद्यातली आपली काही मंडळी निघाली आहेत, काहींचं अजून ‘जावं की नाही’ चाललंय, आणि काहींनी आधीची हिवाळी ऑलिंपिकं पाहिलेली आहेत. सगळ्यांनी इथे लिहावं म्हणून हा धागा. तिकीट, व्हिसा, थंडी, खाणं, काहीही चालेल, फक्त स्वतः केलेलं लिहा. ऐकीव माहिती ग्रुपांवर पुष्कळ फिरते आहे.

सुरुवात मी करते. आधी खेळ ठरवा, मग गाव, मग तिकीट, आणि विमान सगळ्यांत शेवटी, असं माझं ठाम मत आहे. मिलान आणि कोर्तिना हे नाव जोडून घेतात म्हणून गावंही शेजारी वाटतात. प्रत्यक्षात मध्ये सुमारे चारशे किलोमीटर आहेत, बडोदा-मुंबईइतके, आणि शेवटचा टप्पा डोंगरातला. पुरुषांचं अल्पाइन (म्हणजे डोंगरउतारावरचं) स्कीइंग बोर्मिओला, स्नोबोर्ड लिविन्योला, बायथलॉन (स्कीइंग आणि नेमबाजी) अँथोल्झला, स्की जंपिंग प्रेदाझ्झोला. उद्घाटन मिलानच्या सान सिरो स्टेडियममध्ये, समारोप वेरोनाच्या रोमन अरीनात. सगळीकडे जायचं ठरवलं तर निम्मी सुट्टी बसमध्ये जाईल.

आम्ही बोर्मिओ धरलं ते आरिफ खानमुळे. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकटा खेळाडू होता. गुलमर्गचा मुलगा, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे उतारावर रोवलेल्या दांड्यांमधून वळणं घेत खाली येण्याच्या स्की शर्यतीत, ४५वा आला. दोन्ही फेऱ्या पूर्ण करणं हीच तिथे मोठी गोष्ट असते, कितीतरी जण मध्येच पडतात. ते पाहिल्यापासून असा उतार डोळ्यांनी बघायचं मनात होतं. मिलान सेंट्रालेहून तिरानोपर्यंत रेल्वे आहे, बराच वेळ कोमो तळ्याच्या काठाने जाते, आणि तिरानोहून पुढे बस. तिकीट स्लॅलमच्या दिवसाचं काढलंय.

कारेलीबागकर

तिकिटांचं मी सांगतो, कारण घरातल्या सगळ्यांची मीच काढली. विक्री फक्त अधिकृत संकेतस्थळावर. पैसे फक्त व्हिसा कंपनीच्या कार्डाने, रूपे किंवा मास्टरकार्ड चालत नाही. आपल्याकडे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा आणि मर्यादाही वाढवून घ्या. तिकिटं ३० युरोपासून आहेत, म्हणून ‘हे आपल्या आवाक्यातलं नाही’ असं बघण्याआधीच म्हणू नका. महाग पडतं ते राहणं. हवं ते संपलं असेल तर अधिकृत पुनर्विक्रीवर रोज नजर टाका, लोक परत करत असतात. कुणी ओळखीतून तिकीट देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा.

मांजलपूरची ताई

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. परतीच्या वाटेवर चार दिवस पॅरिस घालायचं असेल तरी मुक्काम इटलीत जास्त असेल तर इटलीच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण शेवटच्या मुदतीवर विसंबू नका, नोव्हेंबर संपायच्या आत अपॉइंटमेंट घेऊन टाका. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. विमा निदान ३०,००० युरोंचा, आणि त्यात रुग्णाला भारतात परत आणण्याचा खर्च धरलेला हवा, हे शब्द पॉलिसीत दिसतात का ते बघून घ्या. बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला जावं लागतं. बाबांसाठी मी पेन्शनचं पासबुक, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरण आणि सामन्यांच्या तिकिटांच्या प्रती एकाच क्रमाने लावल्या, वर एका पानात रोजचा कार्यक्रम: कुठल्या तारखेला कुठलं गाव, कुठलं हॉटेल. खिडकीवरच्या बाईंनी तेच पान आधी उचललं.

रावपुरेकर काका

आम्ही २०१० साली मुलाकडे व्हँकूव्हरला होतो, तेव्हा तिथे ऑलिंपिक होतं. हिवाळी खेळ म्हणजे बर्फच बर्फ असेल अशी माझी समजूत होती, पण शहरात पाऊस. शहराजवळच्या सायप्रस नावाच्या डोंगरावर बर्फ कमी पडला म्हणून ट्रकने आणि हेलिकॉप्टरने आणून घातला होता! तेव्हा बाळांनो, कोटाइतकाच विचार बुटांचा करा. पाणी आत न येणारे, तळ पकड धरणारे बूट. बडोद्यातच घ्या आणि महिनाभर कामाटीबागेत फिरून पायांना सवय लावा.

मला तिथे जायचं होतं शिवा केशवनसाठी. तो लूजचा खेळाडू, म्हणजे छोट्या स्लेजवर उताणं झोपून बर्फाच्या मार्गावरून खाली घसरायचं. हिमाचलचा हा मुलगा चाकं लावलेल्या गाडीवर डोंगरी रस्त्यांवर सराव करायचा, आणि १९९८ ते २०१८ अशी सहा ऑलिंपिकं खेळला. व्हँकूव्हरला उद्घाटनाच्याच दिवशी जॉर्जियाचा तरुण खेळाडू नोदार कुमारिताश्विली सरावात लूजच्या मार्गावर अपघात होऊन दगावला. मग पुरुषांची सुरुवात खालून, स्त्रियांच्या जागेवरून करण्यात आली. आपला माणूस उतरला तेव्हा माझ्या सौ. डोळे मिटून स्तोत्र म्हणत होत्या. एक स्लेज समोरून जायला डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ लागतो. लूज बघणार असाल तर वळणाजवळ उभे राहा आणि पडदा दिसेल अशी जागा धरा, नाहीतर कोण कितवा ते कळतच नाही. या वेळी लूज कोर्तिनालाच आहे, १९५६ चं ऑलिंपिकही त्याच गावात झालं होतं.

वाघोडिया रोडवरून

काकांना पाऊस लागला, मला कोरियात हाडं गोठवणारं वारं. २०१८ ला कंपनीच्या कामासाठी सोलला होतो, प्यॉंगचांग ऑलिंपिकचं उद्घाटन पाहिलं. स्टेडियमला छप्पर नव्हतं. प्रेक्षकांना खुर्चीवरच ब्लँकेट, टोपी, पॉंचो, हातापायांसाठी गरम पाकिटं ठेवली होती, तरी बसवत नव्हतं. सुती मोजे आणि सुती बनियन घालू नका, घाम धरून ठेवतात आणि मग थंडी आत शिरते. आत लोकरीचे थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जाकीट. फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, आणि आता तिकीटच फोनमध्ये असतं! पॉवर बँकही आतच.

दांडिया बाजार

मी व्यायामशाळेत मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते. माझं सगळं लक्ष फिगर स्केटिंगवर. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांना हेच सुचवीन: सामने मिलानला लागून असलेल्या असागोच्या बंदिस्त सभागृहात आहेत आणि मेट्रोची हिरवी लाइन तिथे थेट जाते. डोंगर नाही, बर्फात चालणं नाही. फिगर स्केटिंगचा छोटा कार्यक्रम आणि मोठा कार्यक्रम वेगवेगळ्या दिवशी असतो. एकच परवडत असेल तर माझ्या मते छोटा घ्या. त्यात प्रत्येकाला ठरावीक उड्या आणि गिरक्या कराव्याच लागतात, त्यामुळे कुणाचं पाऊल किती पक्कं आहे ते समोरासमोर दिसतं. माझ्या मोठ्या मुलींना मी हेच पाहायला सांगते: उडीनंतर पाय कसा टेकतो.

अलकापुरीची वहिनी

खाण्याचं कुणी लिहिलंच नाही! पेढे, श्रीखंड, तूप नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. लिलो चिवडा, भाकरवडी, खाखरे खुशाल न्या. डोंगरातल्या गावांत रात्री स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, सामना संपून परतेपर्यंत पिशवीतलंच कामी येतं. आणि हो, १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं सुरू झालंय. मिलानला उतरल्यावर लगेचची ट्रेन काढू नका, मध्ये निदान तीन तास ठेवा.

धागा सुरू करणारी

वहिनी, हे फार उपयोगाचं, आमची तिरानोची ट्रेन आता संध्याकाळची घेतली. पुढच्या बुधवारी आम्ही ठसे द्यायला अहमदाबादला गाडीने जातोय, पहाटे सहाला फतेगंजहून. मागे दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांची अपॉइंटमेंट त्याच दिवशी असेल त्यांनी इथे लिहा, ज्येष्ठांना आधी.