मदत हवी आहे: अर्धी टीम दरवर्षी ड्राफ्टला पळते

कोडकिडा
कॉलेज टीम चालवायचा गेम आहे. रेटिंग ७५ च्या वर गेलं की पोरगा कॉलेज सोडून ड्राफ्टला (व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीला) जातो. आठ-दहा सीझननंतर सीनियर (शेवटच्या वर्षाचा) म्हणून उरतो तो सगळा गाळ. हाच आकडा ८० केला तर कुणीच जात नाही. काय करू? रविवारी मित्रांसोबत लीग सुरू करायचीय, लवकर सांगा.

सातारकर
कुठला खेळ? कुठला गेम? एनएफएलला (अमेरिकन फुटबॉल) हायस्कूल संपून तीन वर्षं व्हावी लागतात, एनबीएला (बास्केटबॉल) एक वर्ष आणि वय १९.

कोडकिडा
बास्केटबॉलच की! गेम माझाच आहे, पायथनमध्ये.

अटलांटाकर
रेटिंग बघून कोण जातं? पहिल्या फेरीत नंबर लागेल का, ते बघून जातात. त्या ३० जणांना पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, दुसऱ्या फेरीत तशी नसते. त्या वर्षीच्या सगळ्या इच्छुकांची क्रमवारी लाव आणि तिसाच्या आसपास जाण्याची शक्यता झपकन उतरव. गर्दीचं वर्ष असेल तर पोरं आपोआप थांबतील.

सातारकर
एवढं सोपं नाही. नाव देणं म्हणजे जाणं नव्हे. कॉलेज खेळाडू झॅक ईडीने २०२३ ला नाव दिलं, मागे घेतलं, आपल्या पर्ड्यू विद्यापीठात परतला आणि २०२४ ला एनबीएच्या मेम्फिस संघाने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. आधी अर्ज, मग कंबाइन (संघांसमोरची चाचणी), मग माघार, अशा पायऱ्या हव्यात.

अटलांटाकर
२०२३ ला पहिली फेरी नक्की नव्हती म्हणूनच परतला ना? माझंच म्हणणं झालं. शिवाय जुलै २०२१ पासून एनआयएलमुळे (स्वतःचं नाव-छबी जाहिरातीत वापरू देऊन पैसे घ्यायची मुभा) कॉलेजात राहूनही कमाई होते. २०२१ ला आपोआप पात्र व्हायच्या आधीच ड्राफ्टला नाव देणारे ३५३ होते, २०२५ ला १०६. गेम कुठल्या सालातला आहे?

खादाड_बोका
आपल्याकडे बरंय, वैभव सूर्यवंशीला १३ व्या वर्षीच १ कोटी १० लाख. कॉलेजची भानगडच नाही.

शुभदा_ताई
भाच्याला अमेरिकेत पाठवत असाल तर एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर जाहिरातींचे पैसे घेऊ देऊ नका, व्हिसा गोत्यात येईल.

सातारकर
ताई, भाचा कुठून आला?

अटलांटाकर
पण मुद्दा खरा आहे. ईडी कॅनडाचा, त्यालाही हीच अडचण होती. परदेशी खेळाडूला एनआयएलचा आकडा कमी धर.

कोडकिडा
क्रमवारी टाकली, गळती थांबली. माघारही टाकली. पण परत येणाऱ्याच्या जागी मी आधीच फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा पोरगा) घेतलेला असतो. माझ्या गेममध्ये स्कॉलरशिप १३ आणि पोरं १४, गेम बंद पडतो!

सातारकर
एकाला ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्यांच्या यादीत) ढकल, खरे कोचही तेच करतात.

अटलांटाकर
पोर्टल २०१८ ला आलं. साल अजून सांगितलं नाहीस रे.