मोकळ्या दुपारी घरात काय खेळायचात? (अनुभव धागा)

गेल्या रविवारी मुलीचा क्लास अचानक रद्द झाला. सात वर्षांची आहे. मला म्हणाली, "मग आता मी काय करू?" मी म्हटलं, "खेळ की." तर तिने विचारलं, "कोण शिकवणार?"

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. खेळायला कोणीतरी शिकवावं लागतं असं तिला वाटतं, आणि तसं वाटायला मीच लावलंय. आठवड्यातले सहा दिवस तिचे मी आखून ठेवलेत. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार मंजूर केला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, फावला वेळ आणि खेळ हे मुलांचे हक्क म्हणून लिहिलेत. विश्रांती आणि फावला वेळ आधी, खेळ त्यानंतर. या क्रमाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

म्हणून हा धागा. लहानपणी घरात, कोणी न शिकवता, काय खेळायचात? तेव्हा घरात कोण होतं, काय करत होतं? मोठं लिहा, दोन ओळी लिहा, कसंही चालेल. आणि खेळायला मिळालं नसेल, तर तेही लिहा.

शिवणाऱ्या आईची मुलगी

आई घरी शिवणकाम करायची. माझं लहानपण तिच्या पायमशीनखाली गेलं, अगदी खरोखरचं खाली. पायडलच्या मागे भिंतीपर्यंत थोडी जागा होती, तिथे मी आणि बटणांचा डबा. आधी रंगाने लावायची, मग भोकांनी. चार भोकांची श्रीमंत माणसं, दोन भोकांची गरीब. कोटाचं एक मोठं काळं बटण होतं, ते हेडमास्तर. कडेचा टवका उडालेलं एक पांढरं बटण रोज आजारी पडायचं, त्याला चिंधीत गुंडाळून झोपवायचं. मशीन चालू झालं की जमीन बारीक थरथरायची आणि बटणं आपोआप सरकायची. तो भूकंप. सगळ्यांना उचलून डब्यात न्यायचं, आजारी बटण सगळ्यात आधी. मशीन थांबलं म्हणजे आई दोरा ओवतेय. तेवढ्यात हेडमास्तर हजेरी घ्यायचे.

आई माझ्याशी खेळली असं एकदाही आठवत नाही. तिला सवडच नव्हती. पण ती तिथे होती. मी काही विचारलं की तोंडात टाचण्या धरून "हं" म्हणायची, आणि तेवढ्यावर माझं भागायचं. आज मी हिशेब तपासण्याचं काम करते. ते बटणांमुळे, असं म्हणणार नाही. पण शाळेत बेरीज शिकवली त्याच्या कितीतरी आधी गट पाडणं, मोजणं, कमी-जास्त ओळखणं माझ्या हातांना येत होतं.

बालवाडीची ताई

वरचं "ती तिथे होती" वाचून एक मुलगा आठवला. जवळजवळ दोन महिने तो आमच्या भातुकलीच्या कोपऱ्यापाशी नुसता उभा राहायचा. मी त्याच्या आईला बोलावून सांगितलं, हा खेळत नाही, मिसळत नाही. ती बिचारी घाबरली. मग म्हणाली, "पण घरी तर रोज तुमच्याच वर्गाचा खेळ असतो. उशा ओळीने मांडतो, प्रत्येक उशीला एकेका मुलाचं नाव. तुमच्यासारखं बोलतो."

मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ साली लहान मुलांच्या खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार मांडले. त्यात दुसऱ्यांचा खेळ बघत राहणं हा एक वेगळा प्रकार आहे, शेजारी बसून आपापलं खेळणं हा आणखी एक. हे मी शिकताना पाठ केलं होतं, आणि समोर उभं राहिलं तेव्हा ओळखलं नाही. शाळेत पाहिलेलं तो घरी नेत होता आणि तिथे, कोणी बघत नसताना, करून पाहत होता. उशा चुकांना हसत नाहीत. घरी ती मोकळी संध्याकाळ त्याला मिळाली नसती तर त्याने हे सगळं कुठे केलं असतं?

तिसऱ्या महिन्यात एक दिवस तो पुढे झाला आणि म्हणाला, "मी तुमचा कुत्रा होतो." कुत्र्याला बोलावं लागत नाही, आणि कुत्रा सगळ्यांनाच हवा असतो. चार वर्षांच्या मुलाने शोधलेली ही वाट!

दोन भावंडांतली धाकटी

आमचं अगदी छोटं. वीज गेली की मेणबत्ती, आणि भिंतीवर दादाच्या हातांचा ससा. वीज आली की आम्ही दोघं रडवेले व्हायचो.

घरांचे आराखडे काढणारा

१९४३ साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनजवळ एमड्रुप इथे, मोडक्यातोडक्या सामानाचं एक मैदान मुलांसाठी उघडलं. कल्पना सोरेन्सन या बागा आखणाऱ्या माणसाची. त्याने पाहिलं होतं की आखीवरेखीव मैदानं सोडून मुलं बांधकामाच्या जागी फळ्या-विटांशी रमतात. आमच्या घरी हे फ्रिजच्या खोक्याने शिकवलं. सहा आठवडे ते खोलीच्या मधोमध होतं. घर, बोट, तुरुंग, दवाखाना, पुन्हा घर. पावसात भिजून कुजल्यासारखं झालं तेव्हा टाकलं, आणि मुलगी त्याला निरोप द्यायला खालपर्यंत आली.

पाचांतली थोरली

धागा सुरू करताना शेवटी "खेळायला मिळालं नसेल, तर तेही लिहा" असं लिहिलंत, म्हणून लिहिते. माझ्या कडेवर कायम कोणीतरी असायचं. मैत्रिणी लपंडाव खेळायच्या, मी धाकट्याला घेऊन उभी. मग त्या मला "कच्चा लिंबू" घ्यायच्या, म्हणजे माझ्यावर राज्य येणार नाही. प्रेमानेच करायच्या. पण मला राज्य हवं होतं. भिंतीवर डोकं टेकून, डोळे मिटून शंभरापर्यंत मोजायचं होतं. कच्चा लिंबू करतात ते लहानग्याला. मी नऊ वर्षांची होते.

लोक म्हणतात, लवकर जबाबदारी आली की माणूस घडतो. मी कामाला कुठेच कमी पडत नाही, हे खरं आहे. पण रडीचा डाव खेळणं, त्यावरून भांडणं, कट्टी घेणं आणि संध्याकाळच्या आत पुन्हा गट्टी, हे माझ्या वाट्याला आलंच नाही. आजही कोणाशी जरा मतभेद झाला की मला वाटतं, संपलं आता सगळं. माझी मुलं भांडतात तेव्हा नवरा सोडवायला धावतो. मी त्याचा हात धरून ठेवते.

(धागा सुरू करणारी)

तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत, फार बरं केलंत.

चार वर्षांच्या मुलाचा बाबा

आम्ही दोघंही घरून काम करतो. मीटिंग सुरू झाली की त्याच्या हातात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशी वाचल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० चांगली दमवणारी. आणि बसून स्क्रीन बघणं १ तासाच्या वर नको. आमच्याकडे बरोबर उलटं चाललं होतं.

मोबाइल बंद केला. पहिले चार दिवस फार कठीण गेले, त्याला आणि आम्हाला. पाचव्या दिवशी तो पलंगावरून उशीवर उड्या मारताना दिसला. दर उडीनंतर उशी थोडी लांब सरकवायचा. एकदा जरा जास्तच लांब गेली. काठावर उभा राहिला, खाली बघितलं, मागे सरला. मग उतरला, उशी चार बोटं जवळ ओढली, वर चढला आणि उडी मारली. "सांभाळ" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी बोललो असतो तर ती चार बोटं माझी झाली असती.

एक आजोबा

नातू माझी जुनी बॅग खांद्याला अडकवतो, दारापर्यंत जाऊन वळतो आणि म्हणतो, "आलोच हं, तू झोपू नकोस." मग स्वयंपाकघराच्या दाराआड जातो. ते ऑफिस. मिनिटभरात परत येतो आणि विचारतो, "उशीर झाला का?"

मी नोकरीत होतो तेव्हा मुलगी जागी असताना घरी पोचलो असे दिवस फार थोडे. ती आता या मुलाची आई आहे. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

काल नातू म्हणाला, "आज तू जा, मी घरी थांबतो." मी बॅग घेतली, "आलोच" म्हटलं आणि दाराआड जाऊन उभा राहिलो. किती वेळ थांबायचं असतं ते कळेना. थोड्या वेळाने बाहेरून त्याचा आवाज आला, "आजोबा, आता यायचं असतं."