मदत हवी आहे: मॅटरहॉर्नचं प्रतिबिंब टिपायचंय

नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या शेवटी मी नि बायको स्वित्झर्लंडला जातोय, मुक्काम झरमॅटला, आणि मला काहीही करून रिफेलझे तलावात मॅटरहॉर्न शिखराचं (४४७८ मीटर) प्रतिबिंब टिपायचंय. गॉर्नरग्राटच्या ट्रेनने रोटेनबोडेनला (२८१५ मीटर) उतरून जरासं खाली चालायचं, एवढं माहितीये. सूर्य उगवला की शिखराची पूर्वेकडची भिंत आधी लाल होते आणि तलावावरून दिसते ती तीच बाजू, पण एकदा वारा सुटला की पाणी हललं नि प्रतिबिंब गेलं, म्हणून उजाडायच्या आत पोचायला हवं. तर गावातून पहिली ट्रेन पकडून हे जमतं का, की वर रिफेलबर्गला (रोटेनबोडेनच्या आधीचं स्टेशन) राहून अंधारात हेडटॉर्च लावून चढायचं? वरचं हॉटेल महाग आहे हो, बायकोने आत्ताच डोळे वटारलेत! त्यात स्विस ट्रॅव्हल पासवर ही ट्रेन फुकट नाही, अर्धंच तिकीट माफ.

चालायचं टेन्शन नाही, सह्याद्रीत भटकतो आम्ही, पण थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी पटकन उतरते म्हणतात, जास्तीच्या किती ठेवू? ट्रायपॉड न्यावाच का? येताना रिफेलबर्गपर्यंत पायी उतरायचा विचार आहे, गुडघ्यांना फार त्रास होतो का? कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा, बुकिंग याच आठवड्यात करायचंय.