मदत हवी आहे: बाळाने उघडी पिन गिळली तर पहिल्या तासात काय करायचं?

पाळणाघर_मुलुंड:
पाळणाघरात भिंतीवर लावायला एक पानी सूचना करतेय. बाळं सहा महिने ते दीड वर्षाची. खांद्यावर घेतलं की बांगडीत अडकवलेल्या पिना ओढतात, झबल्याची पिन तर तोंडापासून वीतभर. पिन गेली तर केळं किंवा भाताचा गोळा भरवा, असं मावशी ठामपणे सांगतात. खरं का? बाळ हसत-खेळत असेल तर शीवर लक्ष ठेवून थांबलं तर चालेल का? न्यायचं कुठे?

भूल_विभाग:
केळं नाही, भात नाही, पाणीही नाही. पिन अन्ननलिकेत असेल तर घासाने आणखी रुतते. शिवाय ती काढायला भूल लागते, आणि त्यासाठी आईच्या दुधानंतर 4 तास, पावडरच्या दुधानंतर 6 तास पोट रिकामं हवं. घाईत भरल्या पोटीही भूल देतात, पण पोटातलं फुप्फुसात जायचा धोका वाढतो. म्हणून कागदावर पहिली ओळ लिहा: शेवटचं दूध किती वाजता, कोणतं.
उलटी करवू नका, मीठपाणी नको. घशात आंधळेपणाने बोट फिरवू नका. वस्तू डोळ्यांना दिसली तरच चिमटीत धरून काढा. बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर डोकं खाली करून पाठीवर 5 थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने 5 दाब, आलटून पालटून. एक वर्षाखाली पोट दाबायचं नाही.

क्षकिरण_तंत्रज्ञ:
एक्स-रेआधी झबलं, करदोटा, काळे मणी सगळं उतरवा. झबल्याची पिन फिल्मवर पोटातल्या पिनेसारखीच दिसते, आणि मग दुसरी फिल्म. घशापासून गुदद्वारापर्यंत सगळं यायला हवं, समोरून आणि बाजूने. तशीच दुसरी पिन असेल तर सोबत आणा; लांबी कळते. माशाचा काटा मात्र बऱ्याचदा दिसत नाही. फिल्म स्वच्छ आली तरी बाळ लाळ गाळत असेल, दूध नाकारत असेल तर परत पाठवू देऊ नका.

बालशल्य_परळ:
ताई, "हसतंय म्हणून थांबू" हेच नको. पिन कुठे आहे त्यावर सगळं ठरतं, आणि ते फिल्मशिवाय कळत नाही.
अन्ननलिकेत असेल तर तातडीने, शक्यतो 2 तासांत काढतात. जठरात असेल तर 24 तासांच्या आत दुर्बिणीने. गिळलेल्या वस्तू दुर्बिणीने काढणारे अमेरिकन डॉक्टर शेव्हॅलिए जॅक्सन यांचा जुना नियम आजही चालतो: पुढे असलेलं टोक भोसकतं, मागून ओढत येणारं नाही. म्हणून उघडं टोक वर असलेली पिन सरळ ओढत नाहीत. आधी हलकेच जठरात ढकलायची, तिथे फिरवायची, मग गोल स्प्रिंगच्या बाजूने धरून बाहेर. मोठ्यांमध्ये टोक झाकायला नळी वापरतात. तान्ह्याच्या अन्ननलिकेत ती बहुधा मावत नाही. त्यामुळे हे काम सवयीच्या हाताचंच.
लहान आतड्यात उतरली असेल तर दाखल ठेवून रोज एक्स-रे. जुलाबाचं औषध नाही. 3 दिवस एकाच जागी राहिली, किंवा ताप, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, शीत रक्त दिसलं तर शस्त्रक्रिया.
परळला वाडिया आणि केईएम, शिवाय सायन, नायर: चारही रुग्णालयांत बालशल्यचिकित्सा (लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचा) विभाग आहे. जवळचा दवाखाना नुसताच वेळ खातो. 108 लावा किंवा टॅक्सी, पण बाळ उभं किंवा मांडीवर बसलेलं धरा.

पाळणाघर_मुलुंड:
कागद बदलला. बांगडीतल्या पिना दारातच डब्यात काढून ठेवायला सांगितलंय. रिमोटमधला गोल सेलही त्याच रकान्यात टाकू?

बालशल्य_परळ:
नाही, वेगळा आणि मोठ्या अक्षरांत. अन्ननलिकेत अडकलेला सेल 2 तासांच्या आतच गंभीर भाजू शकतो. फिल्मवर नाण्यासारखा दिसतो. कडेला दुहेरी कडं दिसलं की सेल. वाटेत मध चाटवा असं कुठे वाचाल, तर ते वर्षावरच्या मुलांसाठी आहे. तुमच्याकडच्या वर्षाखालच्या तान्ह्यांना नाही.