‘अमुक अक्षरं असलेला’ की ‘अमुक अक्षरांचा’ शब्द?

प्रश्न
‘जे’ आणि ‘क्यू’ ही दोन्ही अक्षरं असलेला इंग्रजी शब्द सांग, असं मैत्रिणीने विचारलं. बऱ्याच वेळाने ‘जॅकार्ड’ सुचला (एका विणीचं कापड; स्पेलिंगमध्ये क्यू आहे). माणसाच्या नावावरून आलाय म्हणून तिने तो बाद केला. असे शब्द शोधायची काही रीत आहे का? आणि मराठीत हे नीट विचारायचं कसं?

प्रतिसाद
आधी विचारायचं कसं ते बघू, कारण घोळ तिथेच आहे. ‘या अक्षरांचा शब्द’ म्हटलं की मला तरी ‘एवढीच अक्षरं, बाहेरचं एकही नको’ असं ऐकू येतं. ‘ही अक्षरं असलेला’ म्हटलं की सोबत आणखी कोणी असलं तरी चालतं.

एल, आय, एस, टी, ई, एन घ्या. या अक्षरांचे शब्द: लिसन, सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सल. ही अक्षरं असलेल्यांत मात्र ‘ग्लिसन’ आणि ‘लिसनर’सुद्धा येतात. (देवनागरीत ‘लिसन’ लिहिलं की टी गडप! स्पेलिंग मनात धरूनच वाचा.)

‘सलग असलेला’ हा प्रकार आणखी वेगळा. डब्ल्यू-के-डब्ल्यू ओळीने कुठे येतात? ‘ऑकवर्ड’मध्ये. शब्दाचा अर्थ त्याच्या स्पेलिंगलाच लागू पडतो.

प्रतिसाद
काही जण अशा अक्षरांच्या गटाला ‘अक्षरसंच’ म्हणतात, ते मला खटकतं. गणितातल्या संचात एक घटक एकदाच मोजतात. मिरीवाल्या ‘पेपर’मध्ये सहा अक्षरं, पण संच काढला तर उरतात तीनच: पी, ई, आर. ‘प्रेप’ आणि ‘पीअर’ यांचाही संच तोच! तीन पी हवे असतील तर ‘तीन पी’ असं सरळ म्हणावं.

आणि काटेकोर बोलायचं तर अक्षर नव्हे, वर्ण. ‘स्पर्श’मध्ये अक्षरं दोन, वर्ण सहा. पण ‘इंग्रजीतला पाचवा वर्ण’ कोणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही.

प्रतिसाद
रीत सांगतो. दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करा. ई किंवा टी हातात धरून काही उपयोग नाही, ती जिथे तिथे असतात. क्यू आला की त्याच्यामागे बहुतेक वेळा यू येतो, म्हणजे दोन जागा एकदम भरल्या. मग ‘जे’ शब्दाच्या तोंडाशी ठेवून बघा, कारण तो बहुधा तिथेच बसतो. असं करत मला ‘जॉन्क्विल’ मिळाला: नार्सिससच्या जातीचं पिवळं, सुवासिक फूल.

‘एवढ्याच अक्षरांचा’ शब्द हवा असेल तर युक्ती वेगळी. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावायची. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ दोघांचं ई-आय-एल-एन-एस-टी होतं. ज्यांची ओळ सारखी ते एका गठ्ठ्यात. संगणकावर शब्दांची यादी असेल तर ‘ग्रेप’ने (हव्या त्या ओळी शोधून देणाऱ्या आज्ञेने) आधी ‘जे’ असलेल्या ओळी काढा, त्यांतून क्यू असलेल्या. एकापुढे एक दोन चाळण्या, बास.

प्रतिसाद
जॅकार्ड बाद करणं मला पटलं नाही. जोझेफ मारी जॅकार्डचा माग 1804चा, हे खरं. पण आता ते कापडाचं आणि विणीचं सामान्यनाम झालंय, इंग्रजीत लहान जेनेही लिहितात. असे शब्द गाळायचे तर ‘सँडविच’सुद्धा गाळा, तोही एका अर्लच्या पदवीवरून आलाय.

मूळ प्रश्नकर्ती
सँडविचचा मुद्दा तिला कळवला. जॅकार्ड मान्य झाला, जॉन्क्विलसकट. लगेच पुढचा प्रश्न आलाय: ए, ई, आय, ओ, यू पैकी एकही नसलेला शब्द सांग. मी ‘रिदम’ म्हटलं, तर म्हणते त्यातला वाय स्वरच आहे. आता बोला.