परदेशी अध्ययन कार्यक्रमाच्या समन्वयकाची जबाबदारी विमानतळावर संपते का?

धागालेखक (माजी समन्वयक)

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात मी नऊ वर्षे समन्वयक होतो. या काळात माझ्या कर्तव्यसूचीतून एकही कलम वगळले गेले नाही. भर मात्र दरवर्षी पडत गेली. सुरुवातीला यजमान विद्यापीठांशी पत्रव्यवहार, अर्जांची छाननी, श्रेयांकांची (क्रेडिटची) जुळणी आणि व्हिसाविषयी मार्गदर्शन एवढे काम होते. पुढे निवासव्यवस्था, विमा, मानसिक आरोग्य, रात्रीबेरात्रीचे फोन आणि पालकांचे समाधान हेही त्यात आले. आता तर विद्यार्थ्याने सुटीत स्वतःच्या हौसेने केलेल्या प्रवासाचा जाबही समन्वयकालाच विचारला जातो. माझे मत असे, की ही जबाबदारी कुठेतरी थांबली पाहिजे आणि ती विमानतळावर थांबावी. निघण्यापूर्वी सर्व माहिती स्पष्टपणे, लेखी आणि वेळेवर देणे हे कार्यालयाचे काम आहे; त्यानुसार वागणे हे सज्ञान विद्यार्थ्याचे.

एक प्रसंग सांगतो. आमचा एक विद्यार्थी अल्पमुदतीच्या व्हिसावर शेंगेन क्षेत्रात (आपसातील सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात) उन्हाळी अभ्यासक्रमासाठी गेला आणि अभ्यासक्रम संपल्यावर मित्रांबरोबर फिरत राहिला. कोणत्याही 180 दिवसांच्या कालावधीत 90 दिवसांहून अधिक मुक्काम करता येत नाही, हे माहितीसत्रात दोनदा सांगितले होते आणि त्याविषयीच्या पत्रकावर त्याची सहीही होती. तरीही शेजारच्या देशात गेले की दिवस नव्याने मोजायचे, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली होती. मुदत उलटल्यावर ‘कार्यालयाने आठवण का करून दिली नाही?’ हा प्रश्न मला आधी त्याने, मग त्याच्या वडिलांनी आणि शेवटी आमच्याच कुलसचिवांनी विचारला. याचे उत्तर मला तेव्हाही सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

प्रतिसाद 1 (विधी शाखेतील प्राध्यापिका)

आपली व्यथा समजते, पण ‘माहिती दिली’ या शब्दांवर आपण फार भार टाकत आहात. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका निवासी शाळेने 2007 साली चीनला अध्ययन सहल नेली होती. डोंगर उतरताना झाडीतून गेलेल्या एका विद्यार्थिनीला गोचिडीमुळे होणारा मेंदूज्वर झाला आणि तिची वाचा कायमची गेली. पालकांना दिलेल्या सामानाच्या यादीत कीटकरोधक औषध होते, परंतु ते ‘किरकोळ वस्तू’ या सदरात. आरोग्यविषयक सल्ल्याचा दुवाही दिलेला होता. तो उघडल्यावर मध्य अमेरिकेचे पान येत असे. ज्यूरीने 2013 साली 4 कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली आणि कीटकजन्य आजारांच्या गंभीर धोक्याबाबत सावध करणे व त्यापासून संरक्षण देणे हे शाळेचे कर्तव्य होते, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली स्पष्ट केले.

विद्यार्थिनी अल्पवयीन होती आणि संस्था शाळा होती, विद्यापीठ नव्हे, हा फरक मी नाकारत नाही. विद्यापीठाच्या बाबतीत न्यायालय कर्तव्याची व्याप्ती कमी धरू शकेल. पण तो चुकलेला दुवा वयाशी संबंधित नाही. तो पाठवण्यापूर्वी एकदा उघडून पाहणे हे कोणाचे काम होते? विद्यार्थी ज्या ठिकाणी पहिल्यांदाच जात असतो, तेथे कार्यालय दरवर्षी माणसे पाठवते. त्यामुळे धोक्याचे ज्ञान दोघांकडे सारखे नसते, आणि ज्याच्याकडे ते अधिक असते त्याने ते कागदावर उतरवून मोकळे होणे मला तरी पुरेसे वाटत नाही.

प्रतिसाद 2 (पालक)

माझ्या मुलीला एकाग्रतेच्या विकारासाठी नियमित औषध घ्यावे लागते. ती एका सत्रासाठी जपानला निघाली तेव्हा विद्यापीठाच्या अर्जात ‘औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ अशी एक ओळ होती. आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांना विकाराची पूर्ण माहिती होती, जपानच्या कायद्याची नव्हती, आणि ती असावी अशी अपेक्षा तरी का करावी? त्या औषधात अँफेटामीन हे उत्तेजक द्रव्य आहे आणि जपानमध्ये ते डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाही, हे तिला निघण्यापूर्वी चार दिवस आधी वसतिगृहातील एका मैत्रिणीकडून कळले. पर्यायी औषध सुरू करून ते अंगवळणी पडायला काही आठवडे हवे होते. तेवढे दिवस उरलेच नव्हते, म्हणून ती औषधाविना गेली आणि अर्धे सत्र वाया गेले.

धागालेखकांच्या व्याख्येनुसार कार्यालयाने आपले काम चोख केले होते, कारण ती ओळ छापलेली होती आणि त्याखाली आमची सही होती. शिवाय कार्यालयाने आमचा फोनही घेतला नाही. मुलगी सज्ञान आहे, तेव्हा तिच्याविषयी पालकांशी बोलता येत नाही, एवढेच पत्राने कळवले.

प्रतिसाद 3 (कार्यरत समन्वयक)

पालकांशी न बोलण्याबाबत कार्यालयाचे चुकले असे मला वाटत नाही. बहुतेक ठिकाणी कायदाच तसा आहे. अमेरिकेत 1974 च्या शैक्षणिक गोपनीयता कायद्यानुसार विद्यार्थी अठरा वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयात दाखल झाला, की नोंदींवरील हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. मात्र आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका निर्माण करणाऱ्या आणीबाणीत माहिती देण्याची मुभाही तोच कायदा देतो आणि ही मुभा कार्यालयातील निम्म्या लोकांना ठाऊक नसते. प्रस्थानापूर्वीच विद्यार्थ्याकडून ‘कोणत्या प्रसंगी कोणाला कळवावे’ याचे संमतिपत्र घेतले, तर हा तिढा फारसा उरत नाही.

औषधाबाबत मात्र पालकांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. ते काम प्रस्थानापूर्वीचेच होते, म्हणजे धागालेखकांनी आखलेल्या सीमारेषेच्या अलीकडचे. आणि तेही झाले नाही.

पण कोणीही न विचारलेला प्रश्न असा, की हे सारे करणार कोण? माझ्याकडे एक मोबाईल आहे. त्यावर ‘चोवीस तास आपत्कालीन क्रमांक’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तो वर्षभर माझ्याच उशाशी असतो. मी आजारी पडलो तर तो कोणी उचलावा, हे कोठेही लिहिलेले नाही. मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे विद्यार्थी परत आणावे लागले, तेव्हा सीमा बंद होण्याच्या बातम्या तासातासाला बदलत होत्या आणि तिकिटे बदलणे, वसतिगृहांशी भांडणे, घाबरलेल्या मुलांशी बोलणे हे सगळे आम्ही दोघे करत होतो. जबाबदारी विमानतळावर संपत नाही, हे मी त्या तीन आठवड्यांत शिकलो. ती एका माणसावर टाकून संस्थेने मोकळे व्हायचे असते, हेही तेव्हाच कळले. ज्या कामासाठी तीन पदे हवीत, तेथे एक पद मंजूर करून कर्तव्यसूची तिप्पट करणे ही सोय कोणाची असते ते उघड आहे.

प्रतिसाद 4 (विभागीय श्रेयांक समितीचे सदस्य)

चर्चा केवळ अपघातांभोवती फिरते आहे. अपघात विरळा होतात. श्रेयांक मात्र प्रत्येक सत्रात बुडतात. युरोपातील विद्यार्थी-देवाणघेवाणीचा इरास्मस कार्यक्रम 1987 साली सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्षी 11 देशांतील 3,244 विद्यार्थी गेले होते. त्यातून आकारलेल्या व्यवस्थेत विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि यजमान संस्था असे तिघे अध्ययन करारावर सही करतात आणि पूर्ण वर्षाचे 60 श्रेयांक आधीच ठरतात. प्रत्यक्षात विद्यार्थी पोहोचतो तेव्हा ठरलेला विषय त्या सत्रात शिकवलाच जात नाही किंवा दोन तासिका एकाच वेळी येतात. मग करार बदलावा लागतो. तो बदल मुदतीत मंजूर करून घेण्यासाठी समन्वयकाने विभागाच्या मागे लागणे, हे विमान उडाल्यानंतरचेच काम आहे, आणि ते केले नाही तर परत आल्यावर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते.

प्रतिसाद 5 (धागालेखक)

श्रेयांकांचा मुद्दा मी विसरलो होतो आणि तो मान्य करतो. औषधाचा प्रसंग वाचून मला माझेच जुने अर्ज आठवले. त्यांत ती ओळ शब्दशः होती, हे सांगायला संकोच वाटतो.

तरीही वाढत्या जबाबदारीचा एक परिणाम कोणी लक्षात घेत नाही. कार्यालयाला प्रत्येक गोष्टीसाठी जबाबदार धरले, की कार्यालय आपली कातडी वाचवू लागते. अपरिचित देश यादीतून गळतात, आजाराचा इतिहास असलेल्या विद्यार्थ्याला नम्र शब्दांत परावृत्त केले जाते आणि सगळी व्यवस्था खासगी कार्यक्रम कंपनीकडे सोपवली जाते. त्या कंपन्या विद्यापीठांतील अधिकाऱ्यांना मोफत प्रवास आणि अन्य लाभ देतात का, याची चौकशी न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (राज्याच्या मुख्य विधी अधिकाऱ्यांनी) 2007 साली सुरू केली होती. ज्याच्या खर्चाने समन्वयक जागा पाहून येतो, त्याच जागेविषयी तो विद्यार्थ्याला निःपक्षपणे काय सांगणार?

प्रतिसाद 6 (विधी शाखेतील प्राध्यापिका)

हा धोका खरा आहे. परावृत्त करण्याचे प्रकार मीही पाहिले आहेत. पण त्यासाठी कर्तव्य कमी करण्याऐवजी निर्णयाचा अधिकार समन्वयकाच्या हातून काढून समितीकडे द्यावा आणि नकाराची कारणे लेखी नोंदवावीत. शेंगेनच्या नियमाबाबतही मला एवढेच सुचवायचे आहे, की 90 दिवस संपूर्ण क्षेत्रात मिळून मोजले जातात, हे सांगितल्यावर विद्यार्थ्याकडूनच त्याच्या प्रवासाच्या तारखा लिहून घेऊन दिवसांची बेरीज करवली असती, तर त्याचा गैरसमज त्याच टेबलावर उघड झाला असता.

प्रतिसाद 7 (कार्यरत समन्वयक)

बेरीज करवून घेण्याची सूचना मी पुढच्या माहितीसत्रापासून अमलात आणतो. मात्र समितीची बैठक महिन्यातून एकदा असते आणि फोन मध्यरात्रीनंतर वाजतो. त्या वेळी रुग्णालयाच्या अनामत रकमेला मंजुरी देण्याचा अधिकार कोणाचा, हे माझ्या कुलसचिवांना मी दोनदा लेखी विचारले आहे. दोन्ही पत्रांचे उत्तर अद्याप आलेले नाही.